ऊन पाणी

*

ताईने शेजारणीला कौतुकाने सांगितले, “आमच्या पोराने पूल बांधला.” शेजारीण म्हणाली, “कोणत्या नाल्यावर?” तिचे काही चुकले नाही. बल्लारपुरात पूल म्हटला की वर्धेवरचा, राजुऱ्याला जाणारा. मोठा पूर आला की रस्ता बंद, पलीकडचे पलीकडे राहतात. भाच्याचा पूल पोहण्याचा, बामणीच्या अंगाला, घरामागच्या मोकळ्या जागेत आहे. लांबी ६ मीटर, रुंदी ३, खोली १.२. पाणी २१,६०० लिटर.

*

आता त्याला हे पाणी तापवायचे आहे. ऐकणारा आधी हसतोच. जिथे मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो, दुपारी नळ सोडला तर हात पोळतो, आणि शहाणी माणसे रात्रीच बादल्या भरून ठेवतात म्हणजे सकाळी पाणी अंगावर घेण्याजोगे होईल, तिथे पाणी तापवायचे! मीही हसलो. पण डिसेंबरात पहाटेचा पारा दहा-बाराच्या घरात येतो आणि पुलाचे पाणी विशीवर अडकून बसते. ताईच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितले आहे. वीस अंशांच्या पाण्यात सत्तरीच्या बाईने कसे उतरावे? प्रश्न दिवाळी ते होळी एवढाच आहे, पण खरा आहे.

*

काम माझ्याकडे का आले, तर माझी सगळी नोकरी पेपर मिलच्या बॉयलर हाऊसमध्ये झाली. मिल १९४५ साली स्थापन झालेली. गावातल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी तिथे होते. बांबू शिजवल्यावर जो काळा द्रव उरतो तो घट्ट करून जाळायचा, त्याची वाफ पुन्हा कामाला लावायची. वाफ, दाब, काटा, दर तासाला लॉगबुकात आकडा. भाच्याचा हिशेब साधा होता: मामाने जन्मभर पाणी तापवले, त्याला हे काय अवघड? मलाही तसेच वाटले. पुढे लक्षात आले की बॉयलरची सवय इथे आडवी येते.

*

पहिल्या पानावरचा हिशेब. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ युनिट उष्णता लागते. पुलाला एका अंशाला २५ युनिट. वीसवरून सत्तावीसवर न्यायला १७५. हे विजेवर केले, तर औष्णिक केंद्रात एका युनिटामागे साधारण ६५० ते ७५० ग्रॅम कोळसा जातो. म्हणजे ताईने एकदा पाण्यात पाय टाकावा म्हणून सव्वा क्विंटलच्या आसपास कोळसा. आणि रात्रीतून पाणी निवते ते वेगळेच.

*

चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे. दुर्गापूरच्या बाजूने जाताना चिमण्यांशेजारी ते बुटके, कमरेत आवळलेले मनोरे दिसतात. त्यांतून पांढरे निघते तो धूर नव्हे, वाफ आहे. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. उरलेल्यातला मोठा भाग या मनोऱ्यांतून आणि इरईच्या पाण्यातून आकाशात जातो. मग ती वीज तारेवरून घरी येते आणि गिझरमध्ये पुन्हा उष्णता होते. कशासाठी, तर चाळीस अंशांच्या पाण्यासाठी. पापड भाजायला लोहाराचा भाता चालवावा तसे हे आहे. खाणीच्या गावात हे बोलले की लोक म्हणतात, “कोळसा आपल्याच पायाखाली आहे ना जी, काय कमी पडणार?”

*

लहानपणी कोळशाला मोल आहे हे माहीतच नव्हते. कॉलनीत दारोदार शेगड्या. संध्याकाळी त्या अंगणात पेटवून ठेवायच्या, धूर सरला की आत न्यायच्या. थंडीत तो धूर वर जात नसे, क्वार्टरच्या कौलांवर पडून राही. न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब. पहिले पाणी वडिलांचे, मग आमचे, शेवटी आईचे. तिच्या वाट्याला कढतही नाही आणि गारही नाही असे काही तरी यायचे.

पण आईचा आणखी एक उद्योग होता. सकाळी धुणे झाले की पाण्याने भरलेला मोठा गंज अंगणात उन्हात ठेवायचा, वर पातळ फडके. दुपारी धाकट्याची आंघोळ त्या पाण्याने. त्याला ना कोळसा लागे, ना फुंकणी. गंज चुलीवरचा होता, बाहेरून काळाकुट्ट. घासून का ठेवत नाहीस, असे एकदा विचारले तर म्हणाली, “काळाच लवकर तापतो.”

*

१८९१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये क्लॅरेन्स केम्प नावाच्या माणसाने सूर्यावर पाणी तापवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्र म्हणजे काय, काळ्या रंगाच्या टाक्या, लाकडी पेटीत ठेवलेल्या, वर काच. आईच्या गंजाला त्याने पेटी आणि काच दिली. ते कमी नव्हे: उघड्यावरचा गंज संध्याकाळी गार होतो, काचेखालची टाकी त्याहून जास्त टिकते.

*

ऊन म्हणजे सूर्याचा प्रकाश, आणि ऊन म्हणजे कोमटाहून थोडे वरचे. उन्हात बसतो आणि ऊन ऊन भात खातो. दोन्ही शब्द ‘उष्ण’वरूनच आले. मराठीत ‘ऊन पाणी’ म्हटले की त्यात सौर बंब आपोआप आला.

गरम पाण्याच्या झऱ्यांची गावेही अशीच ओळखू येतात. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातले उन्हवरे, जळगावकडचे उनपदेव, किनवट तालुक्यातले उनकेश्वर. यातले उनकेश्वर आमच्या नात्यातले. ते पैनगंगेच्या काठचे, आणि पैनगंगा घुग्घूसजवळ, आमच्या वरच्या अंगाला, वर्धेला मिळते. म्हणजे तिथले ऊन पाणी वाटेत निवून का होईना, आमच्या गावावरूनच पुढे जाते.

*

शेजारची तेलुगू आजी सुनेला हाक मारते, “वेडि नीळ्ळु!” आम्ही लहान असताना वाटे, कोणाला तरी वेडी म्हणतेय. वेडि म्हणजे गरम, नीळ्ळु म्हणजे पाणी. मी ताईला सांगितले की तुझे वेडे पाणी पुढच्या आठवड्यात सुरू होईल.

*

आंघोळीचा सौर बंब आणि पुलाचा पॅनल ही दोन वेगळी जनावरे आहेत. आंघोळीला थोडे पाणी खूप तापवायचे असते: १०० लिटर, साठ अंशांपर्यंत, मग विसण घालून घ्यायचे. म्हणून तिथे काच हवी, निर्वात नळ्या किंवा तांब्याचा पत्रा हवा, वर जाड आवरणाची टाकी हवी. पुलाला खूप पाणी थोडे तापवायचे असते. पाणी आणि हवा यांच्यात फरकच कमी, त्यामुळे उष्णता निसटायची घाई नसते. काच नको, पेटी नको. काळ्या प्लास्टिकच्या बारीक नळ्यांची चटई छतावर अंथरली की झाले. तांबे तर टाळायचेच. पुलाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते तांब्याला खाते आणि भिंतींवर हिरवट डाग पडतात.

आकाराचा ढोबळ नियम असा: पुलाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून पूर्ण क्षेत्रफळापर्यंत पॅनल. भाच्याचा पृष्ठभाग १८ चौरस मीटर. आम्ही १५ चौरस मीटर घेतले.

*

दिशा दक्षिण. बल्लारपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला विसाव्या अंशाच्या किंचित अलीकडे आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून ४७ अंशांवर असतो. म्हणून हिवाळ्याच्या कामाला पॅनल ३५ अंशांनी तिरपा उभा केला. उलट २० मेच्या सुमारास तोच सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तेव्हा तिरप्या पॅनलला ऊन कमी मिळते. आम्हाला तेच हवे आहे. मेमध्ये ऊन घेऊन करायचे काय?

*

प्लंबर चांगला होता, पण घरच्या नळांचा. त्याने पाणी आत जायची आणि बाहेर यायची जागा एकाच बाजूला ठेवली. पाईप वाचला. पाणीही आळशी: पहिल्या पॅनलमधून गेले, तिथूनच परत आले, पलीकडचे दोन कोरडे ठणठणीत. मी हात लावून पाहिला. पहिला गार, दुसरा गरम, तिसऱ्यावर हात ठरेना. प्लंबर खूश. “साहेब, तिसरा कसा मस्त तापला पाहा!”

तिसरा तापला होता, कारण त्याची उष्णता न्यायला पाणीच नव्हते. खालून आत, वरून समोरच्या कोपऱ्यातून बाहेर, असा पाईप फिरवायला लावला. म्हणजे प्रत्येक थेंबाला सारखेच अंतर कापावे लागते. दुसऱ्या दिवशी तिन्ही पॅनल हाताला गार.

*

मग भाचा नाराज. पुलात जिथे पाणी परत पडते तिथे हात धरून म्हणाला, “मामा, हे तर गारच आहे. एवढा खर्च करून?”

इथेच माझीही बॉयलरची सवय आडवी आली होती. आमच्याकडे गरम म्हणजे चालू, गार म्हणजे बंद. इथे उलटे. मिनिटाला ६० लिटर पाणी वर जाते, आणि एका फेरीत ते दीड-दोन अंशांनीच तापते. हाताला तेवढा फरक कळत नाही. पण सहा तासांत २१,६०० लिटर, म्हणजे अख्खा पूल एकदा छतावर जाऊन येतो. पावणेदोन-दोन अंश धरले तर दिवसाला ४५ ते ५० युनिट. पाणी सावकाश सोडले असते तर ते कढत आले असते, भाचाही खूश झाला असता. पण तापलेला पॅनल आपली उष्णता वाऱ्याला वाटत बसतो. हाताला पोळणारा पॅनल पाण्याला काही देत नाही, हे मला साठी उलटल्यावर कळले.

उष्णता किती आणि गरमी किती, या दोन गोष्टी वेगळ्या. मिलमध्ये हे पाठ होते, पण हाताला माहीत नव्हते.

*

पंप आपोआप चालू-बंद होतो. एक सेन्सर छतावर, एक पुलाच्या पाईपात. छत पाण्याहून चार-पाच अंशांनी तापले की झडप फिरते आणि पाणी वर जाते. ढग आले की खाली. थांबले की पॅनलमधले सगळे पाणी पुलात उतरते, कारण माथ्यावरची छोटी झडप हवा आत घेते. ती नसती तर रिकाम्या होणाऱ्या नळ्या आत ओढल्या जाऊन चपट्या झाल्या असत्या.

सकाळी पुन्हा सुरू होताना ती कोंडलेली हवा पाण्यातून बुडबुडत येते. भाच्याचा पोरगा धावत आला, “आबा, पाणी उकळलं!” थर्मामीटर दाखवला. बावीस.

*

पहिला आठवडा. दिवसभर दोन अंश मिळतात, सकाळी जवळपास सगळे गेलेले. फुटक्या हौदात पाणी भरण्यासारखे. चोर शोधायला फार लांब जावे लागले नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जाते. रात्रीतून पुलाची पातळी तीन मिलिमीटर उतरली तर ५४ लिटर गेले, म्हणजे ३६ युनिट गेले. दिवसाची बहुतेक कमाई रात्री उडत होती.

उपाय म्हणजे पुलावर पांघरूण. बारीक हवेचे फुगे असलेले प्लास्टिक, पाण्यावर पसरायचे. सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त हेच, आणि विकणाऱ्याने हेच सांगितले नव्हते. ताईने मात्र पहिल्याच दिवशी विचारले होते, “झाकण नाही का रे याला?” बंबाला झाकण असते, हंड्याला असते, याला का नाही? जन्मभराच्या स्वयंपाकाचे ज्ञान.

*

पांघरुणाचा दुसरा हिशेब पाण्याचा. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर उडाले तर १४४ लिटर. उन्हाळ्यात वर्धेचे पात्र वाळूचे होते आणि लोक बोअरचा आवाज ऐकून किती पाणी उरले ते ओळखतात. अशा गावात घरचा पूल ही चैन आहे, हे मी भाच्याला तोंडावर सांगितले. त्याने ऐकून घेतले. आता पांघरूण बारा महिने असते, आणि फिल्टर धुतलेले पाणी नाल्यात न जाता चिकूच्या आळ्यात जाते. चैन चैनच राहिली, पण तिला थोडी लाज आली.

*

खांडक्या बल्लाळशाहाची गोष्ट इथे सगळ्यांना येते. पंधराव्या शतकातला हा गोंड राजा. बल्लारपूरचा किल्ला त्याचा. अंगभर गाठी आणि फोड, कुठला उपाय चालेना. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात थोडे पाणी दिसले. त्याने तोंड-हातपाय धुतले, आणि दुखणे गेले. राणीच्या सांगण्यावरून तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले, आणि पुढे चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, वसले. म्हणजे आमची राजधानी बल्लारपुरातून चंद्रपूरला गेली ती एका आंघोळीपायी, असे आख्यायिका सांगते.

ताईला ही गोष्ट फार आवडते. तिच्या मते राजाला गुण आला तो पाण्याने नव्हे, तर राणीचे ऐकले म्हणून.

*

काय बिघडते त्याची यादी. राख: कोळशाची धूळ आणि औष्णिक केंद्राची राख आंघोळीच्या बंबाच्या काचेवर बसते, दर पंधरा दिवसांनी ओले फडके मारायचे, सकाळी, काच गार असताना. क्षार: बोअरचे पाणी जड, तापले की चुना नळ्यांत धरतो, दोन-तीन वर्षांत आंघोळीचा बंब अर्ध्यावर येतो. मिलमध्ये बॉयलरला जाणारे पाणी आधी मऊ करून घेत. घरी निदान वर्षातून एकदा टाकी धुऊन घ्यावी. वानरे: एका वसतिगृहाच्या छतावर निर्वात नळ्यांचा सौर बंब पाहिला, निम्म्या नळ्या फुटलेल्या, बाकीच्यांवर वानरे शेकत बसलेली. खाली पोरे बर्फासारख्या पाण्याने आंघोळ करत होती. फुटलेली नळी बदलायचे काम कोणाचे, हे तिथे कोणालाच माहीत नव्हते. यंत्र बसवणारे येतात, सांभाळणारे नेमले जात नाहीत.

*

आता ‘सोलर’ म्हटले की लोकांना वीजच सुचते. १३ फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. चांगली गोष्ट आहे. पण त्या झगमगाटात पाणी तापवणारा सोलर मागे पडला. विजेचा पॅनल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा वीज करतो. पाण्याचा पॅनल चांगल्या दिवशी निम्म्याहून जास्त ऊन पाण्यात घालतो. ज्याला फक्त ऊन पाणी हवे त्याने उन्हाची आधी वीज करून मग गिझर का पेटवावा?

भाचा हुशार आहे. म्हणाला, “हीट पंप लावला तर?” बरोबर आहे. तो एका युनिटात चार-पाच युनिट उष्णता हवेतून ओढून आणतो. विजेच्या पॅनलला जोडला तर हिशेब बरोबरीला येतो. फक्त त्यात कॉम्प्रेसर आला, गॅस आला, आणि बिघडला की नागपूरहून माणूस आला. काळ्या चटईला गळती लागली तर प्लंबर दुपारपर्यंत बुजवतो.

*

रथसप्तमी. ताईने अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवले, उतू जाऊ दिले, सूर्याला हात जोडले. लॉगबुकात त्या आठवड्यापासून रोजची कमाई वाढलेली दिसते. मी तिला दाखवले. ती म्हणाली, “मग? आम्हाला आधीच माहीत होतं.”

*

एप्रिलचे पान. पुलाचे पाणी ३३. आता पोरे म्हणतात, पाणी गार करा. पॅनलची उलटी नोकरी सुरू केली: दिवसा बंद, रात्री अकरा ते पहाटे पाच चालू. निरभ्र आकाशाखाली तीच काळी चटई उष्णता वर फेकते, पाणी थोडे निवून खाली येते. रात्रीला एक अंश, कधी थोडा जास्त. पांघरूण रात्री काढले तर आणखी, पण पाण्याचे नुकसान. नवतप्यात रात्रच तीस अंशांची असते, तेव्हा काहीच चालत नाही. सगळे सकाळी सहाला डुंबून घेतात. एका यंत्राकडून दोन्ही ऋतूंची कामे घ्यायची, एवढे मिलने शिकवलेले कामी आले.

*

लोक पूल पाहायला येतात, छत पाहत नाहीत. पाहणाऱ्यांना माझा सल्ला एकच: पूल बांधू नका. आंघोळीचे १०० लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला गिझरला तीन युनिट लागतात, म्हणजे दोन किलोच्या आसपास कोळसा, रोज, प्रत्येक घरी. त्यासाठी दोन चौरस मीटरचा पॅनल, टाकी पॅनलच्या वर, पंप नाही, वीज नाही. तापलेले पाणी हलके होऊन आपण होऊन वर चढते. छतावर काळी टाकी सगळ्यांकडे आहेच. तिच्या शेजारची जागा रिकामी आहे.

*

लॉगबुक, २९ डिसेंबर, सकाळी ११. हवा १९. पाणी २७. पॅनल हाताला गार. ताई पंचवीस मिनिटे पाण्यात चालली, मग पायऱ्या स्वतः चढून वर आली.